व्यापारविद्या आणि परदेशचे विद्यार्थी

विद्येचा आणि व्यापाराचा प्रवास बहुधा एकाच वाटेनें होतो. ज्या रस्त्यानें बैलांचे तांडे मीठ, कापूस आणि धान्य घेऊन गेले, त्याच रस्त्यानें अंक, लिपी आणि हिशेबाच्या रीतीहि गेल्या. माल विकून व्यापारी परत फिरला, पण त्याची मोजण्याची रीत मागें राहिली. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे महाराष्ट्रांत आज जें एक दृश्य दिसतें त्याचें फारसें नवल वाटत नाहीं. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून नेपाळचे, येमेनचे, आफ्रिकेंतील देशांचे आणि कांहीं युरोपांतीलहि तरुण-तरुणी वाणिज्य व व्यवस्थापन हे विषय शिकावयास येऊन बसतात. कोणी तीन वर्षें राहून पदवी घेतो. कोणी दोन विद्यापीठांमधील करारानें चार-सहा महिनेच राहतो, परीक्षा देतो आणि तिचे गुण मायदेशीं नेऊन तेथील पदवींत जमा करून घेतो. पेढीवरचा शब्द वापरावयाचा तर ही विद्येची हुंडीच होय : एका गांवीं लिहावी आणि दुसऱ्या गांवीं वटवावी.

या घडामोडीचा इतिहास मोठ्या शहरांच्या बाजूनें सांगण्याची वहिवाट आहे. तोच इतिहास बीड जिल्ह्यांतील माजलगांवासारख्या तालुक्याच्या गांवाहून पाहिला तर निराळा दिसतो, आणि अधिक पुरताहि दिसतो. माजलगांव हें सिंदफणेच्या कांठचें गांव. तालुक्याच्या उत्तर अंगास गोदावरी वाहते आणि तिच्या तीरावर पुरुषोत्तमपुरी आहे. यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा, ताम्रपट याच पुरुषोत्तमपुरीस मिळाला. दान दिलेल्या गांवांची नोंद धातूवर कोरून ठेवावी, म्हणजे पुढें वाद पडूं नये, ही दक्षता त्यांत आहे. लेख आणि हिशेब यांची थोरवी या मुलखास फार जुन्या काळापासून ठाऊक होती.

त्याहूनहि मागें गेलें तर इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाचा ग्रीक प्रवासग्रंथ हाताशीं येतो. त्यांत पैठण आणि तगर या दोन पेठांचा उल्लेख आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलेवर, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें त्यांत म्हटलें आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील आजचें तेर. पैठणाहून मौल्यवान दगड आणि तेरहून जाडेंभरडें व तलम कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई व तेथून गलबतांवर चढे. माजलगांवचा टापू या दोन पेठांच्या मधल्या मुलखांत पडतो. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या काळ्या रानाचा परदेशच्या बाजाराशीं संबंध दोन हजार वर्षांचा आहे. फरक इतकाच कीं, त्या काळीं माल बाहेर जाई आणि विद्या पेढीच्या आंतच राही.

ही पेढीवरची विद्या कशी होती, हें पाहण्यासारखें आहे. पंतोजीच्या शाळेंत मुलगा धूळपाटीवर आधीं अंक गिरवी आणि मग उजळणी पाठ करी. ती केवळ दोनापासून तिसापर्यंतच्या पाढ्यांची नसे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेहि पाढे तींत असत. सवातीन मण ज्वारीची पावणेदोन रुपये मणाप्रमाणें किंमत किती, हा हिशेब असा मुलगा कागद-लेखणीवांचून बोटांवर सांगे. त्यापुढची पायरी मोडी अक्षराची. मोडी झपाट्यानें लिहितां येई, म्हणून दप्तराची आणि दुकानाची तीच लिपी झाली. मग मुलगा एखाद्या पेढीवर मुनिमाच्या हाताखालीं बसे. दिवसभराचा व्यवहार रोजकीर्दींत लिहावयाचा, तेथून खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा किंवा नांवें टाकावयाचा, आणि वर्षाअखेर दिवाळीस ताळा जमवून नव्या वहीची पूजा करावयाची, हा त्याचा अभ्यासक्रम. या शाळेला घंटा नव्हती आणि तिची पदवीहि नव्हती. शिल्लक एका पैनें चुकली तर ती सांपडेपर्यंत दिवा मालवावयाचा नाहीं, हीच तिची परीक्षा.

या अभ्यासक्रमांतील सर्वांत पुढचा धडा हुंडीचा. दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी; ठरलेल्या दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती. केवळ प्रतिष्ठित सावकारासच पैसे द्यावयाचे असतील तर ती शाहजोग. माल सुखरूप पोंचला तरच पैसे, अशी अट असलेली जोखमी हुंडी म्हणजे एका कागदांत उधारी आणि विमा दोन्ही. रकमेंत कोणी फेरफार करूं नये म्हणून शंभर रुपये लिहितांना ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ अशी फोड करून लिहीत. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर दुसरी लिहून देत, तिला पेठ म्हणत. तीहि हरवली तर परपेठ. ज्या सरकारचें राज्य शंभर कोसांवर संपे त्याच्या पलीकडेहि हा कागद चाले, कारण त्यामागें शिपाई नसून सावकाराची पत असे. आज परदेशचा विद्यार्थी आंतरराष्ट्रीय वित्तव्यवहाराच्या तासास जें शिकतो, त्यांतील विश्वास, मुदत, जोखीम आणि विनिमय हीं चारहि मूलतत्त्वें या कागदावर लिहिलेलीं होतीं.

परंतु या विद्येची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ही विद्या उघडी नव्हती. ती बापाकडून मुलाकडे आणि मामाकडून भाच्याकडे जाई. खेड्यांतला कुणबी वहीवर अंगठा उठवी, पण वहींत काय लिहिलें आहे हें त्याला वाचतां येत नसे. मुलगी तर पंतोजीच्या ओसरीवरहि क्वचितच दिसे, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस तर तेथें जागाच नव्हती. बाजारांत भाव ठरे तोहि पुष्कळ ठिकाणीं रुमालाखालीं, दलालांनीं एकमेकांचीं बोटें दाबून. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीं उभा असे आणि त्याच्या मालाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्यापासून लपविला जाई. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले तेव्हां त्यांचा मुख्य रोख धनाधान्यावर नव्हता. त्यांनीं कर्जखतें आणि वह्या मागून घेऊन जाळल्या. वाचतां न येणाऱ्यांनीं कागदाला आग लावली, याहून अधिक बोलका पुरावा हिशेबाच्या सामर्थ्याचा दुसरा नसेल. त्या दंग्यामुळें इंग्रजी मुलखांत १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. माजलगांव त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होतें, कारण तें निजामाच्या राज्यांत होतें.

निजामी अमलांतल्या व्यापाऱ्याची स्थिति मोठी चमत्कारिक होती. त्याला दोन नाण्यांत व्यवहार करावा लागे. संस्थानचा रुपया तो हाली शिक्का आणि इंग्रजी रुपया तो कलदार. साधारण सात हाली रुपयांस सहा कलदार असा दर असे. मुंबईचा भाव कलदारांत येई आणि शेतकऱ्याच्या पदरांत हाली पडे. मधल्या वटावाचा हिशेब ज्याला कळे त्याचा नफा होई. हद्दीवर करोडगिरीचें नाकें असे, आणि संस्थानांत येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शेकडा पांचाच्या सुमारास जकात पडे. सरकारी कागद फसली सनाचा, पूजेची वही शकाची आणि मुंबईच्या अडत्याचें पत्र इंग्रजी तारखेचें. १९०० च्या सुमारास मनमाडाहून हैदराबादेकडे जाणारी लोहमार्गाची वाट झाली आणि गोदावरीपलीकडच्या सेलू, परभणी या ठाण्यांवरून कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊं लागल्या. म्हणजे गांवची वेस न ओलांडतां येथला दुकानदार दोन चलनें, तीन कालगणना आणि एक परराष्ट्रीय जकात यांचा मेळ रोज घालीत होता. आजच्या भाषेंत हा आंतरराष्ट्रीय व्यापारच होता. त्याला तें नांव नव्हतें, आणि तो शिकविणारी शाळाहि नव्हती.

इकडे जगांत मात्र व्यापाराच्या शाळा निघाल्या होत्या. पॅरिसला १८१९ सालीं उच्च व्यापारशिक्षणाची शाळा सुरू झाली. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें व्हार्टन यांच्या देणगीनें १८८१ मध्यें विद्यापीठांतच हा विषय आला आणि १९०८ सालीं हार्वर्डनें त्यासाठीं स्वतंत्र विभाग काढला. आशियास अधिक बोधप्रद उदाहरण जपानचें. तेथें मोरी आरिनोरी यांनीं १८७५ सालीं टोकियोस व्यापारी शिक्षणाची एक लहानशी शाळा काढली आणि तींत हिशेब शिकविण्यास अमेरिकेहून व्हिटनी नांवाचे शिक्षक सहकुटुंब आणविले. त्या शाळेंतूनच पुढें हितोत्सुबाशी विद्यापीठ झालें. परकी विद्या घ्यावयाची तर ती आपल्या गांवीं आणून, आपल्या मुलांस पुरेल अशी करून घ्यावयाची, हा जपानचा बेत होता.

मुंबईंत सोहराब दावर यांनीं १९०० सालीं वाणिज्याचें खासगी विद्यालय काढलें. ऑक्टोबर १९१३ मध्यें सरकारी सिडनहॅम महाविद्यालय सुरू झालें आणि मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीची वाट मोकळी झाली. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचें नांव त्याला मिळालें आणि आरंभीच्या काळांत पर्सी अँस्टी हे त्याचे प्राचार्य होते. आशियांतील या प्रकारच्या आद्य महाविद्यालयांत त्याची गणना होते. पंतोजीच्या ओसरीवर ज्यांना जागा नव्हती त्यांपैकीं एक पुरुष पुढें याच महाविद्यालयाच्या व्यासपीठावर उभा राहिला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि तेथून १९१६ मध्यें लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें त्यांना अभ्यास अर्धा टाकून १९१७ सालीं परतावें लागलें. १९१८ पासून १९२० पर्यंत ते सिडनहॅममध्यें अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगारांतून शिल्लक टाकून व शाहू महाराजांचें साहाय्य घेऊन ते पुन्हां लंडनला गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. परदेशीं शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यानें काय आणावें याचें हें उदाहरण आहे. ते एकटे शिकून थांबले नाहींत. औरंगाबादेस १९५० सालीं निघालेलें त्यांच्या संस्थेचें महाविद्यालय, जें पुढें मिलिंद या नांवानें प्रसिद्ध झालें, तें मराठवाड्यांतील ज्या मुलांना शाळेची पायरीहि चढूं दिली नव्हती त्यांच्यासाठीं मुख्यतः होतें.

त्या काळच्या माजलगांवच्या हुशार मुलापुढें वाटा थोड्या होत्या. हैदराबादेस १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. पुण्या-मुंबईस जावें तर राज्य ओलांडावें लागे. मराठी मुलांसाठीं लोकांनीं स्वतःच्या हिंमतीवर शाळा चालविल्या. अंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाची गोष्ट प्रसिद्धच आहे. स्वामी रामानंद तीर्थ तेथें मुख्याध्यापक होते आणि पुढें तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी झाले. पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९४३ सालीं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय काढलें त्या वेळीं माजलगांवचा विद्यार्थी तेथें गेला असता तर तोहि एका अर्थानें परराज्यांतून आलेला विद्यार्थीच ठरला असता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ही भिंत पडली. हाली शिक्का १९५० नंतरच्या दशकांत चलनांतून गेला. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबादेस स्थापन झालें. १९९४ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव आहे आणि औरंगाबादेचेंहि आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रवाह उलटा वाहूं लागला. म्हणजे परदेशचे विद्यार्थी इकडे येऊं लागले. मौलाना आझाद यांच्या पुढाकारानें १९५० सालीं सांस्कृतिक संबंधांची भारतीय परिषद स्थापन झाली आणि तिच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेंतील तरुण येथील विद्यापीठांत दाखल झाले. नव्यानें स्वतंत्र होणाऱ्या देशांस कारखाने, बँका आणि कचेऱ्या चालविणारीं माणसें तांतडीनें हवीं होतीं. १९६४ सालीं भारत सरकारनें तांत्रिक व आर्थिक सहकार्याची एक योजना आंखली. तिच्याखालीं परदेशचे अधिकारी थोड्या मुदतीच्या अभ्यासक्रमांस येथें येतात. व्यवस्थापनाच्या संस्थाहि याच दशकांत उभ्या राहिल्या. मुंबईस पवई येथें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९६३ सालीं निघाली. २०२३ पासून तिला भारतीय व्यवस्थापन संस्थेचा दर्जा आहे. १९६५ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्डच्या सहकार्यानें मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था सुरू झाली. येथें जपानचाच कित्ता गिरविला गेला : बाहेरची विद्या आणावयाची आणि ती घरच्या जमिनींत रुजवावयाची.

मात्र एक विद्या अशी होती कीं, जी महाराष्ट्रानें बाहेरच्यांस शिकवावी. ती सहकाराची. मूळ कल्पना इंग्लंडांतील रॉचडेलच्या विणकऱ्यांची आणि जर्मनींतील रायफायझेनची; कायदा १९०४ सालचा. पण विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेकांठीं लोणी येथें शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करून १९५० च्या सुमारास त्याचें धुराडें पेटविलें, तेव्हां या विद्येस मराठी रूप आलें. वैकुंठभाई मेहता यांचें नांव असलेली सहकारी व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था पुण्यास आहे. रिझर्व्ह बँकेचें कृषि-बँकिंगचें महाविद्यालयहि १९६९ सालीं पुण्यासच निघालें. १९८३ मध्यें कृषि-बँकिंगच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचें एक केंद्र तेथें स्थापन झालें आणि शेजारच्या देशांतील बँकांचे व सहकारी संस्थांचे अधिकारी तेथें शिकावयास येऊं लागले. लहान शेतकऱ्यास कर्ज कसें द्यावें, तें वसूल कसें करावें आणि सभासदांनीं आपल्याच संस्थेचा ताळेबंद कसा वाचावा, हे तेथले विषय. सुप्यास ज्या वह्या जळाल्या त्यांना हें खरें उत्तर होतें. वही जाळावयाची नाहीं. ती सर्वांस वाचतां येईल अशी करावयाची.

परदेशच्या विद्यार्थ्यांचें नांव निघालें म्हणजे पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेची हकीकत सांगावीच लागते, कारण तिचा आरंभ अभ्यासक्रमानें झाला नाहीं. फर्ग्युसन महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शांताराम मुजुमदार हे तेथील वसतिगृहाचे प्रमुख होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनें आजारी पडला होता आणि एक मुलगी खिडकींतून त्याला जेवण देत होती, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. परक्या देशांत आजारी पडणें म्हणजे काय, हें त्या खिडकीनें त्यांना शिकविलें. या मुलांना येथें कोणी आपलें म्हणावें, या हेतूनें १९७१ सालीं त्यांनीं परदेशी विद्यार्थ्यांसाठीं सांस्कृतिक केंद्र काढलें आणि त्याला आपल्या शास्त्रांतलाच शब्द दिला. दोन भिन्न जीव एकमेकांस उपकारक होऊन एकत्र राहतात त्याला वनस्पतिशास्त्रांत सिंबायोसिस, म्हणजे सहजीवन, म्हणतात. पाठोपाठ इंग्रजी शिकविण्याची सोय झाली, मग विधि महाविद्यालय आणि १९७८ सालीं व्यवसाय व्यवस्थापनाची संस्था. २००२ मध्यें तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आधीं ओसरी, मग शाळा, हा या संस्थेचा क्रम आहे, आणि तो लक्षांत घेण्यासारखा आहे. पाहुण्यास काय शिकवावें याआधीं त्याला जेवावयास कोण बोलावतें, हा प्रश्न येतो.

थोड्या मुदतीच्या विद्यार्थी-अदलाबदलीचें तंत्रहि समजून घेतलें पाहिजे. दोन विद्यापीठें करार करतात. विद्यार्थी आपली फी बहुधा मायदेशींच भरतो, येथें एक सत्र बसतो आणि लेखाकर्म, विपणन, वित्त, मनुष्यबळाचें व्यवस्थापन, परराष्ट्रव्यापार यांपैकीं चार-पांच विषय घेतो. प्रत्येक विषयास श्रेयांकांचें वजन असतें आणि ते श्रेयांक त्याच्या विद्यापीठांत जमा होतात. हा हिशेब जमण्यासाठीं दोन्हीकडचीं मापें जुळावीं लागतात. हाली-कलदाराचाच हा प्रश्न निराळ्या वेषांत आला आहे. २०१५ पासून विद्यापीठांतून श्रेयांक पद्धतीचा प्रसार झाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें परदेशी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं संस्थांतून स्वतंत्र कचेरी असावी असें सुचविलें. २०२२ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त व दुहेरी पदवीचे नियम केले आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीं मंजूर जागांखेरीज शेकडा २५ पर्यंत जादा जागा ठेवण्यास मुभा दिली. सरकारी पाहणीप्रमाणें २०१९-२० मध्यें भारतांत सुमारें ४९ हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यांत नेपाळचे सर्वांत अधिक, म्हणजे शेकडा २८ च्या आसपास. एवढ्या अवाढव्य देशाच्या मानानें हा आंकडा लहानच म्हटला पाहिजे.

आतां पुन्हां माजलगांवकडे वळावयाचें. मराठवाड्यांतील विद्यापीठांतहि येमेनसारख्या देशांतील विद्यार्थी पदवीसाठीं आणि संशोधनासाठीं आले आहेत. ज्या विद्यापीठाची मुद्रा त्यांच्या पदवीवर असते त्याच विद्यापीठाच्या परीक्षेस बीड जिल्ह्यांतील महाविद्यालयांची मुलें बसतात. पदवी एक, पण दोघांची गांठ क्वचितच पडते. पाहुणा शहरांत उतरतो, इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि तेथूनच परततो. माजलगांवचा मुलगा आपल्या गांवच्या बाजारांत काय चालतें हें जन्मापासून पाहतो, पण त्यावर परीक्षेंत एकहि प्रश्न येत नाहीं, म्हणून ती विद्या नव्हे असें समजतो.

वास्तविक व्यवस्थापनाचे अवघड प्रश्न याच जिल्ह्यांत आहेत. सिंदफणेवर धरण झालें, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचें पाणी आलें आणि त्याबरोबर उंसाचें क्षेत्र वाढलें. तरी दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊंसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती तोडणीच्या मजुरींतून फेडावयाची. उचल किती घेतली, फिटली किती, उरली किती, हें मुकादमाच्या वहींत असतें. कामगारांची भरती, आगाऊ रकमेची जोखीम, वाहतुकीचें वेळापत्रक, मजुरीची आकारणी, आणि बापाआईबरोबर फडावर गेलेल्या मुलांच्या शाळेचा प्रश्न. एका सत्राच्या अभ्यासक्रमास पुरून उरेल इतका विषय या एका वहींत आहे. आणि सुप्याच्या शेतकऱ्याचा जुना प्रश्नहि तिच्यांत जिवंत आहे : वहींत काय लिहिलें आहे हें ज्याच्या नांवावर लिहिलें त्याला वाचतां येतें कां ?

म्हणून परदेशच्या विद्यार्थ्यांसाठीं येथें अभ्यासक्रम निघतात याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याचें मोल पाहुण्यांच्या संख्येवरून ठरवूं नये. केनियाचा किंवा नेपाळचा विद्यार्थी चार महिन्यांसाठीं येतो त्यांतील पंधरा दिवस त्यानें माजलगांवच्या बाजार समितीच्या आवारांत आणि एखाद्या खेड्यांतील पतपेढींत काढले, आणि त्याच्या जोडीस तेथल्याच महाविद्यालयांतील मुलगा किंवा मुलगी दुभाषी म्हणून असली, तर दोघेंहि शिकतील. पाहुण्यास कळेल कीं, कापसाचा भाव पावसानें आणि परदेशच्या बाजारानें मिळून कसा ठरतो. यजमानास कळेल कीं, आपल्या गांवची गोष्ट जगास ऐकण्यासारखी आहे. आणि अदलाबदल खरी व्हावयाची तर एक दिवस याच महाविद्यालयांतील मुलीस परदेशच्या विद्यापीठांत एक सत्र बसतां आलें पाहिजे. नुसते पाहुणे घरीं येत राहिले आणि घरचें माणूस कधींच बाहेर पडलें नाहीं तर ती खानावळ होते, सोयरीक होत नाहीं.

जुन्या व्यापाऱ्यांची एक रीत होती. हुंडी वटविणारी पेढी हुंडी लिहूंहि शके. नुसती वटविणारी पेढी फार दिवस टिकत नसे. विद्येच्या पेठेंतहि तोच नियम लागू आहे. महाराष्ट्रानें परक्यांची विद्या पुष्कळ वटविली. सहकाराची एक हुंडी त्यानें आपल्या नांवावर लिहिली आणि ती दूरदेशींहि स्वीकारली गेली. तिच्या पुढच्या हुंड्या कोणीं लिहावयाच्या, हा प्रश्न पुण्या-मुंबईपुरता नाहीं. पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या मुनिमाच्या आणि वहीवर अंगठा उठविणाऱ्या कुणब्याच्या, अशा दोघांच्याहि पणतवंडांना आज एकाच बांकावर बसतां येतें. तें बांक माजलगांवांतहि आहे.